आमची वाटचाल : चार बटणं आणि त्यामागचं रेखाटन

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या दुकानावर अजून ‘लाऊडस्पीकर भाड्याने मिळतील’ अशी पाटी आहे, वर कन्नड आणि खाली मराठी. भाड्याचा धंदा आम्ही कधीच सोडला, पण पाटी बाबांनी रंगवून घेतलेली, त्यामुळे काढवत नाही. त्यांच्या काळी कर्णे, ॲम्प्लिफायर आणि बॅटऱ्या टेम्पोत टाकायच्या आणि गणपती, शिवजयंतीचा चित्ररथ, लग्न, जत्रा असं वर्ष काढायचं. बेळगावात सार्वजनिक गणपती 1905 पासून बसतो, त्यामुळे इथं आवाजाच्या धंद्याला गिऱ्हाईक कमी पडलं नाही. मग हळूहळू सोसायट्या, देवस्थानं, मंगल कार्यालयं स्वतःची सभागृहं बांधू लागली. त्यांना भाड्याचं सामान नको होतं. कायमचं बसवलेलं आणि कुणीही चालू करावं असं काहीतरी हवं होतं. तिथून आमचं काम बदललं.

आज आम्ही प्रामुख्याने डीएसपीची, म्हणजे आवाजावर आकड्यांनी प्रक्रिया करणाऱ्या डिजिटल यंत्राची आखणी करतो. पूर्वी मिक्सर, इक्वलायझर, क्रॉसओव्हर, डिले, लिमिटर अशी वेगवेगळी यंत्रं रॅकमध्ये एकावर एक चढवून मागून तारा ओढाव्या लागायच्या. आता हे सगळं एका चपट्या पेटीत होतं. लॅपटॉपवर कंपनीचं सॉफ्टवेअर उघडलं की समोर कोरा पडदा येतो. बायॅम्पचं टेसिरा, बीएसएसचं लंडन आर्किटेक्ट, क्यूएससीचं क्यू-सिस डिझायनर, प्रत्येकाची तऱ्हा निराळी, पण रीत तीच: लागतील ते ब्लॉक (एकेका यंत्राचं काम करणारे चौकोन) उचलून पडद्यावर ठेवायचे, रेषांनी जोडायचे, कंपाइल करायचं, म्हणजे पेटीला समजेल अशा रूपात आणायचं, आणि पेटीत पाठवायचं. नवी आखणी पेटीत भरली जात असताना आवाज बंद पडतो. म्हणून कार्यक्रम चालू असताना कुणी कितीही म्हणो, ‘जरा एक ब्लॉक वाढवा की’ या विनंतीला आमचं उत्तर नाही असंच असतं.

आमचं पहिलं डीएसपीचं काम एका पतसंस्थेच्या बैठकीच्या खोलीचं. टेबलावर प्रत्येक संचालकासमोर माईक, आणि प्रत्येकाला आपला माईक कायम चालू हवा. आता उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की स्पीकरचा आवाज माईकात परत शिरून शिट्टी (फीडबॅक) बसण्याआधीची मोकळीक 3 डेसिबलने घटते. एकाचे 8 माईक झाले तर 9 डेसिबल गेले. म्हणजे कुणाचाच आवाज धड वर नेता येत नाही, आणि नेला की कुईं सुरू. यावर ऑटोमिक्सर हा ब्लॉक आहे. अमेरिकेतल्या डॅन ड्यूगन यांनी 1970 च्या दशकात ही युक्ती काढली: जो बोलतोय त्याच्या माईकला वाटा जास्त, बाकीच्यांना कमी, पण सगळ्यांची बेरीज एकाच उघड्या माईकाइतकी. संचालकांना यातलं काही सांगावं लागलं नाही. खोली शांत झाली एवढं त्यांना कळलं, आणि त्यांच्यातल्याच एकाने आम्हाला आपल्या गावच्या देवळाचं काम दिलं.

तिथं मात्र हीच युक्ती उलटते. सभामंडपात कीर्तन, भजन, पारायण. टाळ वाजले की ऑटोमिक्सरला वाटतं टाळकरीच बोलतोय, आणि तो बुवांचा माईक खाली ओढतो. शिट्टी आपोआप दाबून टाकणारा ब्लॉक तर त्याहून घातक. वीणेचा किंवा हार्मोनियमचा सूर लांबला की तो त्यालाच शिट्टी समजून त्या जागी खाच पाडतो, आणि सूर पोकळ वाटू लागतो. माणसाच्या माईकवर साधारण 100 हर्ट्झच्या खालचं कापून टाकणं चांगलं, पण पखवाजाच्या माईकवर तसं केलं तर कणीक लावलेल्या डाव्या बाजूचा घुमारा गेलाच म्हणायचा. म्हणून आमच्या देवळांच्या फाईलमध्ये ‘प्रवचन’ आणि ‘भजन’ असे दोन वेगळे मार्ग आखलेले असतात. पहिल्यात ऑटोमिक्सर चालू, दुसऱ्यात दोन्ही ब्लॉक बाजूला. भजनात शिट्टी टाळायची तर माईकची जागा आणि स्पीकरची दिशा हेच खरे उपाय.

आता बटणांबद्दल. सॉफ्टवेअर सगळं देतं, आणि गिऱ्हाइकाला दाखवताना सगळं दाखवायचा मोह होतो. आमच्या मते भिंतीवरच्या पाटीत चार बटणं आणि आवाजाचा एक गोल खटका पुरे. खटक्यालाही वर-खाली मर्यादा बांधलेली. निपाणीकडच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकांनी अडवून विचारलं होतं, “एवढे पैसे घेता वो, आणि बटणं चारच?” त्यांना पडद्यावरचं रेखाटन दाखवलं, त्यात कुठली रेष कुठं जाते ते सांगितलं. मग म्हणाले, “हे आमच्या वॉचमनच्या हाती पडू देऊ नका म्हणजे झालं.” व्यवहार तिथं ठरला. काय ठेवायचं हे पुस्तकात मिळतं. कुणाच्या हाती काय द्यायचं नाही हे त्या जागी चार माणसांशी बोलूनच कळतं, आणि आमच्या दराचा मोठा भाग त्या बोलण्याचा आहे.

लांब हॉलचं गणित सोपं आहे, तरी इथं बहुतेक ठिकाणी ते केलेलं दिसत नाही. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. मागचे स्पीकर पुढच्यांपासून 17 मीटरवर असतील तर पुढचा आवाज तिथं पोचायला जवळपास 50 मिलिसेकंद लागतात. मागच्यांना डिले दिला नाही, म्हणजे त्यांचा आवाज तेवढा उशिरा सोडला नाही, तर मागच्या रांगेला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. आम्ही 50 वर आणखी दहा-पंधरा मिलिसेकंद घालतो. मग कानाला आवाज व्यासपीठाकडूनच येतोय असं वाटतं. हेल्मुट हास यांनी 1949 च्या प्रबंधात याचा अभ्यास केला होता.

अर्थिंग वाईट असेल तर 50 हर्ट्झची घरघर कुठल्याच ब्लॉकने नीट जात नाही. माईकचा सिग्नल आत शिरतानाच फाटला असेल तर पुढे लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक पातळीवर रोखणारा ब्लॉक, लावून उपयोग नाही. त्यामुळे आमचा माणूस लॅपटॉप उघडण्याआधी स्क्रू ड्रायव्हर आणि मल्टिमीटर घेऊन बसतो, आणि गिऱ्हाइकाला वाटतं आम्ही वेळ काढतोय.

सीमेवर असल्याने चंदगड, गडहिंग्लज हा आमचाच पट्टा. जीएसटी आल्यापासून पलीकडच्या बिलावर आयजीएसटी लागतो, एवढंच. कोरोनात कोगनोळी नाक्यावर अडवाअडवी होती तेव्हा मात्र पलीकडची कामं दुकानात बसून केली. तिथल्या मुलाने लॅपटॉप पेटीला जोडायचा, नेट मोबाईलचं, आणि आम्ही इथून रेषा ओढायच्या. कानाचं काम फोनवर होत नाही. म्हणून इक्वलायझर तेव्हा ढोबळच ठेवला आणि वाट मोकळी झाल्यावर जाऊन लावला.

फाईलबद्दल आमचा हट्ट आहे. काही ठेकेदार पासवर्ड स्वतःकडे ठेवतात, म्हणजे गिऱ्हाईक जन्मभर त्यांच्याच दारी. आम्ही काम संपलं की फाईल, पासवर्ड आणि रेखाटनाची छापील प्रत पेनड्राइव्हसकट देतो आणि सही घेतो. यात धंदा जातो असं भाऊ म्हणतो, आणि अधूनमधून जातोही. आमच्याकडेही प्रत राहतेच. जुन्या पेट्यांना जुनंच सॉफ्टवेअर लागतं, म्हणून त्यासाठी जुन्या विंडोजचे दोन लॅपटॉप कपाटात ठेवले आहेत. ते कुणी अपडेट करायचे नाहीत, अशी चिठ्ठी त्यांच्यावर चिकटवली आहे.

डीजेचं काम आम्ही घेत नाही. सभागृहाचं घेतो, पण नकाशा असतानाच बोलवा. फरशी आणि पीओपी झाल्यावर पाइप टाकायला भिंत फोडावी लागते, आणि तो खर्च आमच्या कोटेशनमध्ये धरलेला नसतो.