निकाल माहीत असलेली मॅच

रविवार, रात्री

आज दुपारभर घरात ब्रिस्बेनची कसोटी चालू होती. शेवटचा दिवस, 19 जानेवारी 2021. निकाल आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे: 328 चं आव्हान, भारताचा तीन गडी राखून विजय, पंत नाबाद 89, आणि 1988 नंतर ऑस्ट्रेलियाचा गॅबावर, म्हणजे ब्रिस्बेनच्या मैदानावर, पहिलाच पराभव. तरीही बाबा खुर्ची पुढे ओढून बसले होते. भाचीने हायलाइट्स मोबाइलवर केव्हाच बघून टाकलेत, त्यामुळे तिचा एकच धोशा होता, "आत्या, पुढे घे ना. पंत येऊ दे."

मी पुढे घेतलं नाही. मला पुजारा बघायचा होता.

हायलाइट्सशी माझं भांडण आहे ते इथेच. चौकार, षटकार, विकेट एवढंच ठेवून बाकीचं कापलं, की पुजाराच्या 211 चेंडूंतल्या 56 धावांमधलं उरतं काय? सलग बघितलं तर काय काय दिसतं! पाचव्या दिवसाची भेगाळलेली खेळपट्टी, धावत येणारे कमिन्स आणि हेझलवूड, आणि अंगावर उसळणारा चेंडू. कधी बरगडीवर, कधी हेल्मेटवर. हेझलवूडचा एक चेंडू बोटावर असा बसतो, की बॅट हातातून सुटते आणि पुजारा कळवळून खाली बसतो. फिजिओ येतात, बोट चाचपतात. मग तो उठतो, ग्लोव्ह घालतो आणि पुढचा चेंडू तितक्याच शांतपणे खाली दाबतो. त्याच वेळी दुसऱ्या टोकाला गिल मोकळेपणाने खेळतोय. गिलचे 91 सगळ्यांच्या लक्षात आहेत. पण त्या दोघांच्या 114 धावांच्या भागीदारीत मार कोणी खाल्ला, हे कापलेल्या व्हिडिओत कळतच नाही.

बाबा त्या बोटाच्या चेंडूला आजही "आई गं" म्हणाले. निकाल माहीत असून.

आणि मला वाटतं, निकाल माहीत असतो म्हणूनच घरी पुन्हा बघण्यात खरी मजा आहे. थेट प्रक्षेपण चालू असताना आपला जीव टांगणीला लागलेला असतो. डोळे धावफलकावर, मनात उरलेल्या षटकांचा हिशेब. बाबा तर शेवटच्या तासाला गॅलरीत जाऊन उभे राहतात. पुन्हा बघताना ती भीती नसते, त्यामुळे नजर मोकळी होते. आज मी नेथन लायनच्या चेंडूऐवजी त्याच्या क्षेत्ररक्षकांकडे बघत होते. त्याची ती शंभरावी कसोटी. पंत पुढे सरसावायला लागल्यावर बॅटजवळची माणसं एकेक करून लांब जायला लागतात. मॅच कुठे झुकली ते तिथे समजतं. समालोचक ते सांगायच्या आधीच ते आपल्याला दिसतं, आणि हे सुख मला दुसऱ्या कशातच मिळत नाही.

आईचं मत अगदी वेगळं आहे आणि ती ते ठासून मांडते. तिला अख्खी मॅच नको, सिनेमा हवा. तिच्या मते मॅचमध्ये कपडे आणि टोप्या दिसतात, माणसं सिनेमात दिसतात. 1983 च्या विश्वचषकावरचा '83' तिने कितीदा बघितला असेल, देव जाणे. वेंगसरकरांच्या भूमिकेत आदिनाथ कोठारे, आणि संदीप पाटलांच्या भूमिकेत त्यांचाच मुलगा चिराग. आईला याचं फार अप्रूप आहे. मार्शलचा चेंडू जबड्यावर बसून वेंगसरकरांची स्पर्धा तिथेच संपली, हे तिला त्या सिनेमामुळे कळलं, आणि तेव्हापासून वेंगसरकर तिला घरातलेच वाटतात.

बाबांना मात्र सिनेमातला कपिलचा झेल आवडत नाही. मलाही नाही. फायनलमध्ये मदनलालच्या चेंडूवर रिचर्ड्सने मारलेला तो फटका मूळ चित्रणात बघावा. चेंडू उंच गेलाय, कपिल पाठमोरा धावतोय, मान वळवून वर बघतोय. संगीत नाही, मध्येच कोणाचा चेहरा नाही, सगळं एका दमात. झेल होतो आणि अंगावर काटा येतो. सिनेमात मात्र तोच झेल तुकड्या-तुकड्यांत येतो, आणि आता थरारून जा, असं संगीतच सांगून टाकतं. खेळात थरार आधीच भरलेला असतो, त्याला वरून फोडणी देऊ नये.

पण टनब्रिज वेल्सच्या मॅचला मी आईच्या बाजूने आहे. 18 जून 1983, झिंबाब्वेविरुद्ध 5 बाद 17, आणि तिथून कपिलच्या 138 चेंडूंत नाबाद 175. किरमाणीबरोबर नवव्या विकेटसाठी अभेद्य 126. या डावाचं चित्रणच झालं नाही, बीबीसीचा कॅमेरा मैदानावर नव्हता. इतका मोठा डाव, आणि तो पाहिला फक्त तिथे हजर असलेल्यांनी! इथे सिनेमाने जे उभं केलं त्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. जिथे चित्रण नाही तिथे नाट्य हवंच. जिथे आहे तिथे मूळच दाखवा, एवढंच माझं म्हणणं.

सचिनवरचा 2017 चा माहितीपट घरात सगळ्यांना एकत्र धरून ठेवतो तो बहुधा याचमुळे. त्यात कुटुंबाने स्वतः केलेलं घरगुती चित्रण आहे. आईला माणसं मिळतात, बाबांना खरे डाव मिळतात. वानखेडेवरची दोनशेवी कसोटी आली, की आई सचिनच्या आईला, रजनीताईंना शोधते. मुलाला मैदानावर खेळताना त्यांनी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं, नोव्हेंबर 2013 मध्ये, त्याच्या शेवटच्या कसोटीत. तिथे आई दरवेळी रडते.

एका गोष्टीचा मात्र राग येतो. गेल्या महिन्यात भाचीला ब्रिस्बेनच्या आधीच्या, सिडनी कसोटीचा शेवटचा दिवस दाखवायचा होता. विहारी आणि अश्विन जखमी अंगाने चाळीसहून जास्त षटकं उभे राहिले, तो. आम्ही पैसे भरतो त्या ॲपवर फक्त चार मिनिटांची क्लिप निघाली. हक्क एकाकडून दुसऱ्याकडे गेले की जुन्या मॅचेस अशा गायब होतात. जो दिवस धावा न काढता वाचवला, तो चार मिनिटांत काय कळणार पोरीला? सामने पूर्ण जपून ठेवणं आणि लोकांना बघायला देणं हे क्रिकेट चालवणाऱ्यांचं कामच आहे, असं मी मानते. पुस्तकांची ग्रंथालयं असतात, तशी मॅचेसची का नसावीत?

भाची आता 30 ऑक्टोबर 2025 मागतेय. नवी मुंबईतली महिला विश्वचषकाची उपांत्य फेरी, ऑस्ट्रेलियाचं 339 चं आव्हान आणि जेमिमाचे नाबाद 127. ती यष्टिरक्षण शिकते, त्यामुळे या वेळी हायलाइट्स नकोत, असं तिनेच सांगितलंय. तिला अलिसा हीलीची प्रत्येक चेंडूची बैठक बघायचीय. पुढच्या रविवारी जेवणं लवकर उरकून पहिल्या चेंडूपासून लावायची असं ठरलंय. आईने अट घातलीय, मॅच संपल्यावर जेमिमा रडते तो भागही पूर्ण बघायचा.