शेवटचा 'ना'

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीला आमच्याकडे खानदेशात पहिला प्रश्न ठरलेला. "बठ्ठं बरं शे ना?" म्हणजे, सगळं बरं आहे ना? लेक म्हणते, "हाव." संपलं. त्या शेवटच्या 'ना'तच उत्तर बसलेलं असतं, नाही म्हणायला जागाच कुठे? यंदा चुलत बहिणीची लग्नानंतरची पहिली आखाजी. ओट्यापासून माजघरापर्यंत नऊ जणांनी विचारलं, नऊ वेळा 'हाव' आलं. त्या नवांत मीही होतो.

आजी मागच्या दारी चुलीपाशी होती. पालथं मातीचं खापर तापलेलं, मांडा, म्हणजे खापरावरची मोठी पुरणपोळी, दोन्ही हातांवर फिरत फिरत कोपरापर्यंत आलेला. वर न बघताच म्हणाली, "तुन्हा सासरले खापर शे का वं?"

"नही." बहीण जरा थांबली. मग सांगू लागली. तिकडे सगळं गॅसवर. पहिल्यांदा पुरणपोळी तव्यावर केली, ती फाटली. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आजी मधूनमधून नुसतं "मंग?" म्हणत होती. खापरावरचा मांडा करपला. आजीच्या हातचा मांडा करपलेला मी तेव्हाच पाहिला.

काकांना गावभर एकच प्रश्न, केळीला भाव काय? ते आकडा सांगतात आणि गप्प होतात. संध्याकाळी त्यांच्याबरोबर बागेत गेलो. उन्हाच्या झळा अडवायला पश्चिमेला हिरवी जाळी असतेच, यंदा ती दक्षिणेलाही दिसली. का, म्हणून विचारलं. मागच्या वैशाखात पारा 45 वर गेला त्या आठवड्यापासून जी सुरुवात झाली, ती जाळीची उधारी, रात्रीची लाईट, अंधारात मोटार सुरू करायला जाणं असं करत पोरगा बागेत पाऊल टाकत नाही, इथवर आली. भावाचा विषय निघालाच नाही.

पुण्याला आल्यावर हुरूप आला होता. शेजाऱ्यांना विचारलं, "तुमची तुळस का हो वाळली?" त्यांनी दार लावून घेतलं. आजीचं वय लागतं बहुतेक.

बहिणीला फोन केला. सवयीने तोंडून निघालंच, "बरं आहे ना?"

"हाव."

आजीने दिलेलं खापर ती एसटीत मांडीवर घेऊन गेली होती. "खापर पोचलं का?"

"कडेला टवका उडाला."

"कसा?"

"थांब," ती म्हणाली, "दार लावून येते."