पाचगणीत, चेसनसाहेबाच्या थडग्यापाशी

"वाईत येऊन ढोल्या गणपतीला हात न जोडता थडगं बघायला निघालास व्हय?" आत्या पोह्यांवर खोबरं पसरत म्हणाली. मी गणपतीला लांबूनच नमस्कार केला आणि पसरणी घाटाची बस पकडली.

पाचगणीचा स्टँड आला की सगळे टेबललँडच्या पठाराकडे वळतात. मी सेंट पीटर्स चर्चच्या दफनभूमीत गेलो. पाचगणी वसवणारा इंग्रज अधिकारी जॉन चेसन इथेच पुरलेला आहे. पायाखाली सिल्व्हर ओकचा पाचोळा. एक पान उचललं, वरून हिरवं, उलटं केलं तर चांदीसारखं. वारा आला की अख्खं झाड पांढुरकं होतं. हे झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं, इथे आणलं चेसनने. पॉइन्सेटियाही त्यानेच लावला. त्याची लाल फुलं म्हणून आपण फोटो काढतो ती खरं तर पानंच.

इंग्रजांचं लाडकं ठिकाण महाबळेश्वर, पण पावसाळ्यात तिथे टिकाव लागायचा नाही. बारा महिने राहता येईल अशी जागा शोधायचं काम चेसनकडे आलं. रुस्तमजी दुबाश नावाच्या पारशी गृहस्थासोबत तो हे डोंगर हिंडला. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधली जागा त्याने पक्की केली आणि १८६०च्या दशकात तिथला सुपरिंटेंडेंट झाला. दुबाशांचं नाव मात्र मला वाटेत कुठल्याही पाटीवर दिसलं नाही. याची थोडी चीड आली.

मला चेसन आवडतो तो झाडांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीसाठी. बंगले बांधले म्हणजे गाव होत नाही, हे त्याला कळलं होतं. त्याने शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले, बांधकाम करणारे अशांना इथे बोलावून वसवलं, बाजाराखालची जागा त्यांना दिली. तेच आजचं गावठाण. हवा खायला येणाऱ्याचेही कपडे मळतातच की!

या कोरड्या हवेच्या जोरावरच पुढे १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी क्षयरुग्णांसाठी बेल-एअर सॅनेटोरियम काढलं.

उतरताना मुद्दाम गावठाणातून गेलो. एका दारात इस्त्री चालली होती, पलीकडे शाळेच्या शर्टांची ही एवढी चळत.

"चेसनसाहेब माहितीय का हो?" मी विचारलं.

"कुठल्या बंगल्यावर उतरलेत?" त्यांनी इस्त्री न थांबवता विचारलं.