व्हिडिओ पोकर टुर्नामेंटची डायरी : पोळा ते संक्रांत, किती सुधरलो

राजेहो, लय दिवसांनी लिहून राहिलो. मधात कापसाची वेचणी, मंग तुरीची सोंगणी, फुरसतच नोती. पण वहीत सगळं मांडून ठेवलं होतं, ते आता इथं टाकतो म्हणजे ज्याले ज्याले टुर्नामेंटवाला व्हिडिओ पोकर आवडते त्याले कामी पडन.

नवीन लोकांसाठी आधी आमचा फॉरमॅट सांगतो. आम्ही गावात सात जण. मास्तर, कंपाउंडर, पानठेल्यावाला दादा, मी, माहा भाचा आन आणखी दोघं. प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये ऑफलाईन ट्रेनर, म्हणजे सरावाचं अ‍ॅप: पाच पत्ते येतात, पाह्यजे ते ठेवायचे, बाकीचे एकदा बदलायचे. त्याच्यात जॅक्स ऑर बेटर, म्हणजे गुलामाच्या नाही तं त्याच्यावरच्या जोडीपासून क्रेडिट भेटतात. टेबल नऊ-सहाचं, म्हणजे फुल हाऊसले (तीन सारखे आन एक जोडी) नऊ पट, फ्लशले (पाचही एका रंगाचे, म्हणजे सगळे इस्पिक नाही तं सगळे बदाम असे) सहा पट. दर रविवारी मास्तरच्या ओट्यावर बसतो. प्रत्येकाले १००० क्रेडिट, एका हाताले ५, म्हणजे २०० हात, आन वेळ २० मिनिटं. मोजायचं फक्त जिंकलेलं. जे क्रेडिट खेळायचे राहिले ते शून्य, घरी नेता येत नाही. लास वेगासकडच्या टुर्नामेंट बहुतेक अशाच असतात, ठरलेला वेळ आन ठरलेले क्रेडिट, आम्ही तीच पद्धत उचलली. पैसा एक रुपयाही नाही. २०२५ मध्ये पैसे लावून ऑनलाईन खेळायवर केंद्राचा कायदाच आला, आन तसंही आमच्या गावानं मटक्याच्या पायी वावरं विकलेले पायले आहेत, म्हून मास्तरनं पहिल्याच दिवशी सांगतलं का ज्याले पैसे लावायचे त्यानं ओटा उतरायचा. जो शेवटचा येईन तो सगळ्याईसाठी चहा मांडते, बस.

पयला रविवार पोळ्यानंतरचा. मले घमेंड होती, कारण सातातून यादी पाठ असलेला मी एकटाच. कोणती जोडी ठेवायची, कवा फ्लशवर जायचं, सगळं तोंडपाठ. आन माहा स्कोअर आला ७३०. शेवटचा. चहा मीच मांडला. कंपाउंडर जिंकला १०९०नं, जो गुलामाच्या जोडीसोबत एक्काही धरून ठेवते, "एक्का मोठा पत्ता आहे ना भाऊ, कायले फेकू" म्हणते.

घरी येऊन पायलं तं माहे हातच झाले होते १४८. बावन्न हात खेळलोच नाही! प्रत्येक पत्त्यावर इचार करत बसलो आन घड्याळ निंघून गेलं.

मंग हिशोब केला, आन हा हिशोब मले या पूर्ण सीझनमधला सगळ्यात महत्त्वाचा वाटते. नऊ-सहाच्या टेबलवर बरोबर खेळलं तं परतावा ९९.५४ टक्के, पण त्यातले जवळपास दोन टक्के एकट्या रॉयलचे (एका रंगाचे दश्शी ते एक्का), जे ४० हजार हातात एखाद्या वेळी लागते. ते सोडलं तं एका हाताचे सरासरी ४.९ क्रेडिट येतात असं धरा. म्हणजे बावन्न हात सोडले तं अडीचशे क्रेडिट पाण्यात. आता कंपाउंडरची चूक मोजा. मोठी जोडी एकटी ठेवली तं तिची सरासरी किंमत लावलेल्याच्या १.५४ पट, सोबत एक्का धरला तं १.४१ पट. फरक ५ क्रेडिटच्या डावात ०.६ क्रेडिट. त्यानं अशा आठ चुका केल्या तवा कुठं माहा एक न खेळलेला हात बरोबरीत येते. तो पटापट चुकत गेला आन जिंकला, मी बरोबर खेळत बसलो आन चहा मांडला.

तवापासून दसऱ्यापर्यंत फक्त स्पीडवर काम केलं. आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाईन आठवड्याले दिवसा नाही तं रात्री, आन रात्रीची पाळी असली का ओलीत करायले वावरात जा लागते, वरून रानडुकरं आन रोही, म्हून जागलीले मचाणावर तसाही जागाच राहतो. तिथं ५०-५० हाताचे सेट खेळलो, घड्याळ लावून. पयल्या सेटले ७ मिनिटं लागले. दसऱ्याले साडेचारवर आलो, म्हणजे २०० हात १८ मिनिटात, दोन मिनिटं हाती शिल्लक.

स्पीड कसा वाढला तं बारीक यादी सोडून दिली. पूर्ण बारीक यादीत लय फाटे आहेत, कोणता पत्ता फेकल्यानं कोणत्या स्ट्रेटले (सलग पाच पत्ते) धक्का लागते वगैरे. सोपी यादी सोळाच ओळींची आहे आन तिचा परतावा ९९.४६, म्हणजे तोटा फक्त ०.०८ टक्के. हजार क्रेडिटवर एक क्रेडिटही नाही! त्याच्यासाठी मी मिनिटं घालवून राहिलो होतो. आता डोळ्यानं पाहायचा क्रम असा ठेवला: हातात काही बनलेलं आहे का, नाही तं गुलामाची किंवा त्याच्या वरची जोडी, मंग एका रंगाचे रॉयलचे तीन, मंग एका रंगाचे चार, मंग बारकी जोडी, मंग दोन्हीकडून उघडे असलेले सलग चार, त्याच्याखाली एका रंगाचे दोन मोठे पत्ते (गुलाम ते एक्का) आन पुढचं. बारकी जोडी असली आन तिच्यातूनच उघडा स्ट्रेटही बनत असला तरी जोडीच ठेवायची, ०.८२ विरुद्ध ०.६८, इथं लय लोक चुकतात, मीही चुकत होतो. रॉयलचे चार असले तं मात्र बनलेला फ्लशसुद्धा तोडायचा, त्याच्यात इचार करायचाच नाही, ४७ मधी एक चान्स ४००० क्रेडिटचा. काहीच नसलं तं पाचही फेक आन पुढं चाल. अर्ध्याच्या वर हात शून्यावरच जातात, चोपन्न टक्क्याच्या वर, त्यायच्यावर रडत बसायचं नाही.

एक टीप. ज्याच्या मोबाईलमध्ये पत्ते वाटायचं अ‍ॅनिमेशन चालू आहे त्यानं ते बंद करा. भाच्यानं दोन महिने बंद केलं नोतं आन म्हणे माहा मोबाईल स्लो आहे.

आता पुढची गोष्ट सांगायले थोडी लाज वाटते.

दसऱ्यानंतर स्पीड आला, दोनदा दुसरा नंबर आला, मंग डोक्यात हवा गेली. कुठंतरी वाचलं होतं का टुर्नामेंटमध्ये सरासरीले अर्थ नाही, वरचा एकच नंबर मोजल्या जाते म्हून मोठ्या हाताच्या मागं लागायचं. गोष्ट खोटी नाही. पण मी ते पहिल्याच हातापासून सुरू केलं. दोन जोड्या आल्या का बारकी जोडी फेकायची, मोठी ठेवून चार सारखे बनवायले जायचं, कारण चार सारख्याले १२५ भेटतात. लागोपाठ चार रविवार. स्कोअर ८४०, ८७०, ८०५, ९२०. दोनदा चहा.

मंग एका रात्री कापसाच्या काटापावतीच्या मागच्या बाजूले मांडणी केली. २०० हातात वाटतानाच दोन जोड्या साधारण साडेनऊ वेळा येतात. दोन्ही ठेवल्या तं एक पत्ता बदलायचा, ४७ पैकी ४ पत्त्यानं फुल हाऊस, किंमत २.६ पट. एकच ठेवली तं १.५४ पट. दर वेळी सव्वापाच क्रेडिट जातात, म्हणजे एका रविवारी पन्नास. बदल्यात काय? जोडीवरून तीन पत्ते ओढून चार सारखे यायचा चान्स ३६० मधी एक. साडेनऊ वेळा केलं तं पावणेतीन टक्केही नाही. म्हणजे चाळीस रविवार हे केलं तं एकदा कवातरी एक क्वाड्स (चार सारखे) जास्तीची भेटन आन चाळीसही रविवार पन्नास-पन्नास क्रेडिट भराचे. बैल विकून दावं घेतल्यासारखं.

आन क्वाड्स तशाही येतातच ना, नुसतं सरळ खेळून. सरासरी ४२३ हातात एक. २०० हातात निदान एक यायचा चान्स अडतीस टक्के. आम्ही सात जण, म्हणजे ओट्यावर दर रविवारी दोघा-तिघाले येतेच. पहिला नंबर बहुतेक त्यायच्यातूनच जाते, अकराशे ते साडेबाराशेच्या मधात. तुम्ही सगळे हात पूर्ण करून सरळ खेळत राहिले आन तुमची क्वाड्स आली तं तुम्ही जिंकायच्या लाईनमध्ये आहा, नाही आली तं नाही. त्याले जबरदस्ती नाही करता येत.

पानठेल्यावाल्या दादाले हे पटत नाही. त्याचं म्हणणं मशीन गरम होते, मंग देते. मी त्याले दहा वेळा सांगतलं का दर हाताले बावन्न पत्ते नव्यानं पिसल्या जातात, मागच्या हाताची तिले आठवण नाही, तं म्हणे "तुह्या मोबाईलले नसन बे, माह्या मोबाईलले आहे." रॉयल अजून आमच्या ओट्यावर कोणालेच लागलं नाही. एका जणाले २०० हातात लागायचा चान्स दोनशेमधी एक, सात जण धरले तं एकोणतीस-तीस रविवारात एकदा. ज्या दिवशी दादाले लागन त्या दिवशी माहं सगळं गणित वाया जाणार आहे.

मोठ्याच्या मागं कवा लागायचं, तं ते आहे शेवटच्या पाच-सहा हातात, आन तेही समोरच्याचा आकडा माहीत असला तवाच. आम्ही मधात एक नियम घातला का पंधराव्या मिनिटाले सगळ्याईनं आपला आकडा ओरडून सांगायचा, आन ज्याचे हात सरले त्यानं फायनल सांगायचा. यानं खेळाची मजा पुरी बदलली.

संक्रांतीच्या आधीचा रविवार सांगतो, कारण हा हात माह्या डोक्यातून जाऊन नाही राहिला. मास्तर लवकर सरले, ११४५. बराबरी झाली तं जो आधी सरला तो वर, असा आमचा नियम. माहे १०७५, सहा हात बाकी. मले ७५ पाह्यजेत. सरळ खेळून सहा हातात एकोणतीस-तीस येतात, म्हणजे काहीतरी मोठं लागलंच पाह्यजे, पण कोणतं ते पत्त्याले ठरवू द्यायचं. पहिला हात शून्य. दुसऱ्यात गुलामाची जोडी, ५. तिसऱ्यात नव्व्या आन चौक्या दोन जोड्या, दोन्ही ठेवल्या, फुल हाऊस नाही बनला, १०. चौथा शून्य. आता १०९०, मास्तरच्या मागं ५५, दोन हात बाकी.

पाचव्या हाताले थेट फुल हाऊस. तीन सत्त्या, दोन एक्के.

भाचा मागून ओरडला, "मामा तोडा! सत्त्या ठेवा, चौथी सत्ती आली का काम झालं!" आन खरं सांगतो बोट गेलं होतं. दिवाळीचा मी असतो तं तोडलाच असता. पण मोजा. तीन सत्त्या ठेवून दोन पत्ते ओढले तं चौथी सत्ती यायचा चान्स १०८१ पैकी ४६, साडेतेविसात एक. नाही आली तं बहुतेक वेळा १५च हाती राहतात आन शेवटच्या हातात परत फुल हाऊस नाही तं त्याच्यावरचं पाह्यजे, जे सत्तरात एकदा येते. सगळं मिळून सहा टक्के. आन फुल हाऊस ठेवला तं ४५ खिशात, ११३५, मंग शेवटच्या हाताले फक्त १५ पाह्यजेत. तीन सारखे नाही तं त्याच्यावरचं काहीही, ते अकरा टक्के. जवळपास दुप्पट. एवढं सगळं त्या वेळी डोक्यात नोतं बरं, पण "उरलेला फरक एका साध्या हातात बसते का" एवढा प्रश्न मी इचारायचा ठरवून ठेवला होता, आन बसत होता. ठेवला.

हाच जर शेवटचा हात असता तं मात्र भाचा बरोबर. तवा ४५ घेऊन ११३५ वर बसण्याले काही अर्थ नाही, दुसऱ्या नंबरले बक्षीस नाही, तोडून सत्तीची वाट पाहा. तोच फुल हाऊस, एका हाताच्या फरकानं निर्णय उलटा.

शेवटच्या हाताले राणीची जोडी आली. तीन पत्ते फेकले. तीन राण्या नाही तं त्याच्यावरचं बनायचा चान्स आठात एक. आली छक्की, दश्शी, तिर्री. ५ क्रेडिट. ११४०.

पाचनं हरलो मास्तरले. मास्तरनं नुसतं "हं" केलं आन तिळगुळाचा डबा उघडला. भाचा अजूनही म्हणते तोडायले पाह्यजे होता, कारण हरलो ना. दोघाईचं दोन दिवस बोलणं नाही झालं यावरून.

पूर्ण सीझनचं पायलं तं पहिला नंबर तीनदा, तिन्ही वेळा क्वाड्स आली तवाच. दिवाळीनंतर २०० हात पूर्ण नाही झाले असं एकदाही नाही, आन शेवटच्या आठ रविवारात चहा एकदाही मांडला नाही.

महाशिवरात्रीपासून आम्ही टेबल बदलून राहिलो, डबल डबल बोनस. तिथं दोन जोड्याले फक्त ५ भेटतात, पण चार एक्क्याले ८००, आन पाचवा पत्ता दुर्री, तिर्री नाही तं चौकी असला तं २०००. जॅक्स ऑर बेटरपेक्षा चढउतार लय जास्त, म्हून हजारच्या आसपासचा स्कोअर तिथं कोणाले पुरणार नाही असं वाटते. एक हात मी आधीच वहीत लिहून ठेवला: तीन एक्के, एक तिर्री, एक नहली. नेहमीचं गणित म्हणते तिर्रीही फेका, तीन एक्केच ठेवा, १२.५ पट विरुद्ध ११.८ पट. दोन पत्ते ओढले तं चौथा एक्का साडेतेविसात एक, पण २०००वाला ९८ मधी एक. तिर्री धरली तं एकच पत्ता ओढायचा, ४७ मधी एक, पण तो आला का थेट २०००च. म्हणजे ८०० पुरत असतील तं फेकायची, नसतील पुरत तं धरायची. आता पंधराव्या मिनिटाले मास्तर कोणता आकडा ओरडतात त्याच्यावर आहे. कोणी डबल डबलवर असे शेवटचे हात खेळले असतील तं सांगा, रविवारच्या आधी.