हो, अजूनही हातपंपच

"अजून हातपंप?" हा प्रश्न मला जवळजवळ दर राइडला येतो. विचारणारा फ्रेमवर बाटलीशेजारी अडकवलेल्या माझ्या पंपाकडे हनुवटीनेच खूण करतो, आणि त्याच्या जर्सीच्या खिशात मुठीत मावेल असा इलेक्ट्रिक पंप असतो. काही जण काळजीपोटी विचारतात, कारण माझं उजवं मनगट एकदा मोडून जुळलेलं आहे हे त्यांना ठाऊक असतं. काही जण विचारायच्या भानगडीत न पडता सरळ सांगतात, "अहो, कार्ट्रिज घ्या की. वीस सेकंदांत काम!" कार्ट्रिज म्हणजे टायर एका फटक्यात भरणारं, दाबलेल्या कार्बन डायऑक्साइडचं छोटं नळकांडं.

आजवर मी "सवय आहे हो" म्हणून वेळ मारून नेली. ते खोटं आहे. सवय मला कार्ट्रिजचीच होती. चार वर्षं मी दुसरं काही नेलं नाही, आणि पंप लटकवून येणाऱ्यांना हसणाऱ्यांत मीही होते. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं सांगते. पटलं नाही तरी चालेल, पण पुढच्या वेळी निदान हनुवटीने खूण करू नका.

कार्ट्रिजचं मला वावडं नाही. तिचं गणित मी कुणालाही तोंडपाठ म्हणून दाखवीन. १६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड म्हणजे नेहमीच्या तापमानाला साधारण पावणेनऊ लिटर वायू. रोड सायकलच्या ७०० बाय २५च्या, म्हणजे २५ मिलिमीटर रुंद टायरमध्ये जेमतेम लिटरभर जागा असते, म्हणजे एका कार्ट्रिजमध्ये तो शंभरच्या वर पीएसआयला (हे टायरमधल्या दाबाचं माप) जातो. ३२चा टायर दीड लिटरच्या थोडा वर, तिथे साठ-सत्तरपर्यंत मजल जाते, आणि तेवढं त्याला पुरतं. २९ इंची जाड टायरमध्ये पाच लिटरची जागा. तिथे तीच कार्ट्रिज म्हणजे दात कोरून पोट भरणं. हे सगळं मला तेव्हाही येत होतं. वजनाचीही मला भारी हौस. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी एकेक वस्तू तोलायची, आणि तरी एक गोष्ट सोयीस्करपणे बघायची नाही: पोलादी नळकांडं धरून एक कार्ट्रिज साठ ग्रॅमच्या आसपास भरते. दोन कार्ट्रिज आणि वर त्या व्हॉल्व्हला जोडणारं हेड, की झालं छोट्या पंपाएवढं वजन. मग मी वाचवत काय होते? दिसणं, बहुधा. दुसरा शब्द सापडत नाही.

आता ती संध्याकाळ.

२०० किलोमीटरची ब्रेव्हे होती, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड. वेळ साडेतेरा तास. सोबत माझा नेहमीचा राइडमित्र. त्या मोसमात त्याच्या ३००, ४०० आणि ६०० झाल्या होत्या. २००च्या वेळी तो तापाने पडला होता, त्यामुळे उलट्या क्रमाने तीच राहिली होती, आणि ही मोसमातली शेवटची २०० होती. ती झाली की तो सुपर रँदोनर; एका मोसमात या चारही केल्या की हा किताब मिळतो. चारांतली सगळ्यात सोपी राइड बाकी, म्हणून त्याची चेष्टाही भरपूर चालली होती.

सकाळी निघताना तो त्याचा जुना, लांबलचक पंप फ्रेमला बांधत होता. क्लिप तुटलेली, म्हणून जुन्या ट्यूबच्या तुकड्याने आवळत होता, आणि तरी तो खडखडत होता. मी म्हटलं, "काढ रे ते. दिवसभर डोक्याशी खडखड. माझ्याकडे दोन कार्ट्रिज आहेत, दोघांना पुरतील." त्याने माझ्याकडे पाहिलं, पंप सोडला आणि सामानाच्या बॅगेत टाकून दिला. या चार ओळी मी बहुतेकांना सांगत नाही. पंक्चरची गोष्ट सांगते, ही वगळते.

१६३ किलोमीटरला माझं मागचं चाक बसलं. दहा तास वीस मिनिटं झाली होती. उरले ३७ किलोमीटर आणि हातात तीन तासांवर वेळ. म्हणजे घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. पाऊस भुरभुरत होता, उजेड चालला होता. मी सात मिनिटांत ट्यूब बदलली. सात! तो घड्याळ बघत होता म्हणून मला अजून चेव आला. कार्ट्रिज फिरवली, फस्स झालं, टायर टणक. निघालो. अर्ध्या किलोमीटरवर चाक पुन्हा जमिनीला.

टायर आतून चाचपायचा असतो, हे मी आजवर किती नवख्यांना सांगितलं असेल! त्या दिवशी बोटं गारठलेली, हात चिखलाचे, आणि सात मिनिटांचा विक्रम. मी बोट फिरवलंच नव्हतं. आता त्याने फिरवलं आणि हात झटकला. बोटाच्या टोकाला रक्ताचा थेंब होता. केसाएवढी बारीक पोलादी तार, ट्रकच्या फुटलेल्या टायरांतून रस्त्यावर सांडतात ना, तसली. बाहेरून काही दिसत नव्हतं. नेलकटरने ती ओढून काढायला दहा मिनिटं गेली.

माझी जादा ट्यूब तर तिनेच खाल्ली होती, म्हणून त्याची घातली. या वेळी सगळं रीतसर. टायर दोनदा चाचपला, रिमभोवती ट्यूब कुठे चिमटलेली नाही ना ते दोन्ही बाजूंनी पाहिलं. दुसरी कार्ट्रिज लावली. टायर भरला. अंगठ्याने दाबून पाहिला, दगड. मग मी हेड काढायला फिरवलं.

रोड सायकलच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हचा कोअर, म्हणजे हवा अडवणारा आतला भाग, काही ट्यूबमध्ये सुटा होतो. त्याच्या ट्यूबमधला नीट आवळलेला नव्हता, आणि माझं हेड आट्यांचं. मी हेड सोडवतेय असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी कोअर सोडवत होते. तो हेडसकट हातात आला. एक मोठा फुत्कार, तळव्यावर बर्फासारखा झोत, टॉर्चच्या उजेडात पांढरं धुकं, आणि दोन सेकंदांत टायर लोळागोळा.

त्यानंतरची शांतता मला नीट आठवते. ट्यूब धड होती. टायर धड होता. तार निघाली होती. कोअर मी पुन्हा बसवला, चांगला आवळला. कशालाही काही झालं नव्हतं. फक्त हवा नव्हती. चहूकडे ओली, गार, फुकटची हवा, आणि ती आत घालायला दोघांकडे काही नाही.

त्याने पंपाचं नाव काढलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

थोड्या वेळाने एक राइडर मागून आला. त्याचीही वेळ काठावर होती. त्याने न थांबताच एक कार्ट्रिज आमच्याकडे टाकली, "घ्या!" म्हणाला आणि गेला. आम्ही आनंदाने ओरडलो. मग टॉर्च मारला. तिच्या गळ्याला आटेच नव्हते. साधी, गुळगुळीत गळ्याची, आणि माझं हेड आट्यांच्या कार्ट्रिजचं. तरीही पाच मिनिटं मी ती दाबून बसवायचा प्रयत्न करत राहिले.

मग मी मित्राला म्हटलं, "तू जा." त्याची सायकल ठणठणीत होती. आरामात पोचला असता. तो म्हणाला, "बघू." मी पुन्हा म्हटलं, "जा रे, मी आयोजकांना फोन करते." तो काही बोलला नाही, सायकल हातात धरून चालू लागला. तिसऱ्यांदा मी म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला तो जायला नकोच होता. अंधार होता, रस्ता सुनसान होता, मला भीती वाटत होती. "जा" हे मी म्हणायचं म्हणून म्हणत होते आणि त्यालाही ते कळत होतं. आम्ही दोन तास चाललो. आयोजकांची गाडी आली तेव्हा साडेतेरा तास संपायला थोडा वेळ होता, पण सायकलवर पुरा होण्याएवढा नव्हता. यादीत दोघांच्या नावापुढे डीएनएफ, म्हणजे राइड अपुरी. त्याचं सुपर रँदोनर त्या वर्षी झालं नाही.

यावर तुम्ही जे म्हणणार ते माझी जुनी मीच आधी म्हणते. ती म्हणते, चूक कार्ट्रिजची कुठे होती? टायर चाचपला नाहीस तू. कोअर आवळून पाहिला नाहीस तू. हेड आणि कार्ट्रिज यांची जोडी ठरलेली असते हे तुला माहीत होतं. पंप असता तरी तार टायरमध्येच राहिली असती. सगळं खरं. एका शब्दाला उत्तर नाही.

पण मी चुका करते, हेच तर सगळ्याचं मूळ आहे ना! एरवी नसेन करत. अंधारात, पावसात, कुणीतरी थांबलेलं असताना करते. कार्ट्रिज माझ्या चुका मोजते: एक, दोन, संपलं. पंप मोजत नाही. त्या संध्याकाळी पंप असता तर पहिली चूक दहा मिनिटांची झाली असती, दुसरीही दहाची. पंपाच्या नळीनेही कोअर उपटून हातात येतो हे आधीच कबूल करते. माझ्या बाबतीत दोनदा झालंय. दोन्ही वेळा शिव्या घातल्या, कोअर आवळला आणि पुन्हा पंप मारायला लागले.

आता पंपाबद्दल, कारण "पंप घ्यायचाच तर कोणता" हा पुढचा प्रश्न ठरलेला. लोक लांबी बघतात. जाडी बघा. ८० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साडेपाच किलोहून थोडा जास्त दाब. नळकांडं आतून २० मिलिमीटर व्यासाचं असेल तर शेवटच्या स्ट्रोकला साधारण साडेसतरा किलोचा जोर लागतो. तेच ३० मिलिमीटरचं घेतलंत तर चाळीस किलो. जाड पंप डोंगरी सायकलच्या टायरला उत्तम, कारण तिथे हवा जास्त आणि दाब कमी. रोड सायकलला तो घेतला की चाळीस पीएसआयच्या पुढे पंप तुम्हाला ढकलतो. बारीक पंप जास्त वेळ घेतो, पण शेवटपर्यंत हलतो. आणि नळी असलेलाच घ्या. नळी नसलेला पंप थेट व्हॉल्व्हवर बसतो, प्रत्येक झटक्याला व्हॉल्व्ह हिसकला जातो आणि बुडाशी ट्यूब फाटते. तिथे ठिगळही बसत नाही.

माझा बारीक आहे. ३२च्या टायरला साठपर्यंत न्यायला दोनशे-अडीचशे स्ट्रोक लागतात. मनगट दुखतं. हो, दुखतं, नाही म्हणाले तर तुम्ही माझा चेहरा पाहिलेला आहे. पूर्वी मी २५चे टायर वापरायचे आणि नव्वदखाली उतरणं कमीपणाचं मानायचे. ३२वर आले ते आराम मिळतो, पकड चांगली असते म्हणून, असं मी सगळ्यांना सांगते. ते खोटं नाही, पण आधी मनगटाने निर्णय घेतला आणि कारणं मागून आली.

तसं पाहिलं तर वरची सगळी कारणंही मागूनच आली. जोराचे किलो मी नंतर काढले. कार्बन डायऑक्साइड ब्युटाइल रबराच्या नेहमीच्या ट्यूबमधून हवेपेक्षा कितीतरी लवकर झिरपतो आणि दुसऱ्या दिवशी टायर मऊ लागतो, हेही नंतरच लोकांना ऐकवायला लागले. चार वर्षं मऊ टायर मीच सकाळी मुकाट्याने भरत होते, तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. पंप मी दुसऱ्याच दिवशी घेतला, आणि तेव्हा डोक्यात ब्युटाइल नव्हतं.

इलेक्ट्रिकबद्दल माझ्याकडे भक्कम काही नाही. चांगले असतात. ठरवलेल्या दाबाला आपोआप थांबतात, आणि एवढ्याशा डबीतून ऐंशी पीएसआय निघताना बघून मलाही हेवा वाटतो. आवाज कर्कश असतो, तोंड तापतं, लहान डबीत दोन-तीन टायरांपुरतीच ताकद असते, पण ही काही मोठी तक्रार नव्हे. माझी अडचण एवढीच की जी वस्तू महिनोन्‌महिने सॅडलबॅगेत पडून राहते ती चार्ज करायची आठवण मला राहणार नाही. मागचा दिवा मी दर आठवड्याला वापरते, तोही दोनदा वाटेत विझलाय.

अजून एक कबुली. सॅडलबॅगेत एक कार्ट्रिज अजून असते. आट्यांची, हेडसकट. का नेता म्हणून विचाराल तर ट्यूबलेसवाला कुणी भेटला तर, असं उत्तर तयार आहे: टायरची कड रिममधून सुटली की ती बसवायला एकदम झोत लागतो, आणि माझ्या पंपाच्या दमाचं ते काम नाही. असा कुणी अजून भेटलेला नाही. कार्ट्रिजच्या गळ्याला गंज चढलाय.

आणि तो? पुढच्या मोसमात त्याने चारही राइड केल्या. तो खडखडता पंप त्याने कधीच देऊन टाकला. आता इलेक्ट्रिक नेतो. मला हे कळलं तेव्हा राग आला, का ते सांगता येणार नाही. मी त्याच्यासाठी पंप वाहतेय असं काहीतरी मनात होतं बहुधा, आणि त्याला त्याची गरजच नव्हती.

गेल्या महिन्यात पुन्हा माझंच मागचं चाक. टायर चाचपला, काटा काढला, ट्यूब घातली, पंप मारायला बसले. तो शेजारी उभा राहून मोजत होता. १७०ला मनगटाने नको म्हटलं. गेज चाळीसच्या आसपास. त्याने काही न बोलता खिशातली डबी पुढे केली. मी म्हटलं, "असू दे." तो म्हणाला, "बरं." आणि डबी तशीच पुढे धरून उभा राहिला.

मी आणखी तीस मारले. मग घेतली.