मतदानापर्यंतचे चौदा महिने

माझ्या मुलाला २००३ साली, तो सात वर्षांचा असताना, टाइप १ मधुमेहाचे निदान झाले. आम्ही मूळचे साताऱ्याचे. तोवर अमेरिकेत स्थायिक होऊन बारा वर्षे झाली होती आणि मला तेथील नागरिकत्वही मिळाले होते. भ्रूणातील मूलपेशींपासून इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी घडवता येतील, अशी आशा संशोधकांना होती. परंतु राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या धोरणानुसार ९ ऑगस्ट २००१ पूर्वी तयार झालेल्या पेशींवरील संशोधनालाच केंद्र सरकारचा पैसा मिळत असे. अमेरिकी संसदेतील ८१० क्रमांकाच्या विधेयकाने ही तारखेची अट जाणार होती. वंध्यत्वावरील उपचारांनंतर उरलेले, एरवी टाकून दिले जाणारे भ्रूण जोडप्यांनी लेखी संमतीने व मोबदला न घेता दिल्यास त्यांवरही काम करता येणार होते.

संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, म्हणजे प्रतिनिधीगृहाने, हे विधेयक २४ मे २००५ रोजी २३८ विरुद्ध १९४ मतांनी मंजूर केले, तेव्हा निम्मी वाट सरली असे मी धरून चालले. सिनेट या वरिष्ठ सभागृहातही ते समितीत न अडकता थेट कामकाजाच्या सूचीवर आले. २९ जुलै रोजी बहुमतातील पक्षाचे नेते आणि स्वतः हृदयशल्यविशारद असलेले बिल फ्रिस्ट यांनी भर सभागृहात विधेयकाला पाठिंबा जाहीर केला. तरीही मतदान काही होईना.

याचे कारण मला आमच्या राज्याच्या एका सिनेटरच्या कार्यालयातील तरुण साहाय्यकाने समजावून सांगितले. मी मुलाच्या रक्तातील साखरेच्या नोंदींची वही सोबत नेली होती. दिवसातून सहा वेळा बोट टोचून घेतलेल्या त्या नोंदींच्या पानांच्या कडांना वाळलेल्या रक्ताचे तपकिरी ठिपके होते. तो ती पाने बराच वेळ उलटत राहिला आणि मग म्हणाला, “ताई, मते आहेत. वेळ नाही.” सिनेटमध्ये एखादा विषय झटपट मतदानाला आणायचा तर शंभरही सदस्यांची संमती लागते, एकाने हरकत घेतली तरी ती वाट बंद होते. दुसरी वाट म्हणजे चर्चा आवरती घेण्याचा ठराव, ज्याला साठ मते लागतात आणि ज्यात सभागृहाचे कितीतरी दिवस खर्ची पडतात. त्यातच विरोधकांना मानवी क्लोनिंगवरील बंदीसारखी आपली विधेयकेही सोबत हवी होती, तर समर्थकांना भीती होती की एखाद्या सौम्य विधेयकाला मत देऊन काही सदस्य मूळ विधेयकातून अंग काढून घेतील. कोणती विधेयके, कोणत्या क्रमाने आणि किती दुरुस्त्यांसह घ्यायची, यावरच महिनेच्या महिने गेले.

त्या भेटीनंतर मी फोनवर विचारायचा प्रश्न बदलला. “सिनेटर साहेबांचा पाठिंबा आहे का?” याला सगळीकडे गोड उत्तर मिळत असे. “संमतीचा प्रस्ताव आला तर ते हरकत घेतील का?” असे विचारले की पलीकडचा माणूस जरा थांबत असे. दर सोमवारी सकाळी मुलाला शाळेच्या बसमध्ये बसवून मी फोन लावत असे, आणि ज्या कार्यालयांनी स्पष्ट उत्तर दिले त्यांचे ऋण मी अजूनही मानते.

अखेर जून २००६ च्या अखेरीस समझोता झाला : मूळ विधेयकासह तीन विधेयके, बारा तासांची चर्चा, एकही दुरुस्ती नाही आणि प्रत्येकाला साठ मतांची अट. साध्या बहुमताऐवजी साठ मते, ही त्या सर्वसंमतीची किंमत होती. माझ्या मते ती मोजणे योग्यच होते, कारण त्याशिवाय विधेयक सूचीवरच पडून राहिले असते.

१८ जुलै रोजी मी प्रेक्षक सज्जात बसले होते. खाली एकेक नाव पुकारले जात होते आणि मी मांडीवर बोटांनी मोजत होते. ६३ विरुद्ध ३७. रिपब्लिकन पक्षाच्या १९ सदस्यांनी बाजूने मत दिले होते. सोबतची दोन्ही विधेयके तर एकही विरोधी मत न पडता मंजूर झाली.

दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांनी आपल्या कारकिर्दीतील पहिला नकाराधिकार याच विधेयकावर वापरला. तो मोडून काढण्यास प्रतिनिधीगृहात दोन तृतीयांश मते हवी होती. २३५ विरुद्ध १९३ असा निकाल लागला, म्हणजे ५१ मते कमी पडली. २००७ मध्ये नव्या काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, असेच विधेयक पुन्हा मंजूर केले आणि तेही नकाराधिकाराने अडले. ती तारखेची अट उठली ती ९ मार्च २००९ रोजी, राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या आदेशाने, कोणत्याही मतदानाविना. तोवर माझा मुलगा नोंदींची वही स्वतःच लिहू लागला होता.