लोखंडावरची प्रोसर्पिना

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररच्या तांब्यावरील कोरीवकामाची थोरवी सगळेच गातात, परंतु त्याने लोखंडी पत्र्यावर केलेल्या एचिंगांपाशी, म्हणजे आम्लाने रेघा खाववून काढलेल्या छापचित्रांपाशी, ती अवघी सहाच असूनही, फारसे कोणी थांबत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. त्यांपैकी १५१६ सालचे ‘प्रोसर्पिनाचे अपहरण’ मी गेले काही दिवस मोठे करून पुन्हा पुन्हा पाहतो आहे.

तांब्यावर ब्युरिनने, म्हणजे टोकदार पोलादी कोरणीने, कोरताना हाताचा जोर कमी-जास्त करून रेघ मध्ये फुगवता येते आणि टोकाला केसासारखी बारीक करता येते. १५१४ सालच्या ‘मेलँकोलिया’तील रेशमी छाया अशाच रेघांनी साधल्या आहेत. एचिंगमध्ये मात्र पत्र्यावर आम्लाला दाद न देणारा लेप चढवायचा, सुईने त्यावर रेखाटायचे आणि उघडा पडलेला धातू आम्लाकडून खाववायचा. चिलखतांवर नक्षी काढणाऱ्यांची ही जुनी रीत ऑग्सबर्गच्या डॅनिएल होप्फरने कागदावरील छपाईसाठी वापरली. लोखंडावर खाल्ली गेलेली रेघ जवळपास एकाच जाडीची आणि काहीशी खरबरीत उमटते, म्हणून हा प्रयोग फसला असे म्हणणारे आहेत. मला ते मुळीच पटत नाही.

रोमन कवी ओव्हिडच्या कथेत देवकन्या प्रोसर्पिना सिसिलीतील एका तळ्याकाठी फुले वेचत असते. पाताळाचा देव प्लूटो तिला रथात ओढून घेतो तेव्हा ओटीतली फुले सांडतात आणि त्या पोरवयात तिला त्यांचेही दुःख होते. ड्यूररने तो रथ बाजूला ठेवला आणि प्लूटोला चक्क एकशिंगी प्राण्यावर बसवले. युरोपच्या लोककल्पनेत हाच प्राणी कुमारिकेच्या मांडीवर डोके टेकवून शांत होतो, आणि इथे तोच एका कुमारिकेला पळवून नेतो आहे! चित्रावर नाव लिहिलेले नसल्यामुळे ही प्रोसर्पिनाच का, अशी शंका घेतली गेली आहे. पण आक्रोशासाठी उघडलेले तिचे तोंड पाहिल्यावर मला दुसरी कोणी आठवत नाही. त्या तोंडाभोवती, प्राण्याच्या अंगावर आणि ढगांत तीच राकट, न फुगणारी रेघ धावते, त्यामुळे माणूस, जनावर आणि आकाश एकाच वादळात सापडल्यासारखे दिसतात. ब्युरिनच्या गुळगुळीत रेघेने ही दहशत सौम्य झाली असती.

लोखंड गंजते, म्हणून या पत्र्यांच्या उशिरा काढलेल्या प्रतींवर गंजाचे डाग उतरलेले दिसतात.